रश : एक्केचाळीस वर्षं तिघेच, आणि आता नवी ड्रमर

खर्ज

६ ऑक्टोबर २०२५ ला कॅनडाच्या 'रश' या रॉक बँडमधले गेडी ली (गायन आणि बास) आणि अ‍ॅलेक्स लाइफसन (गिटार) यांनी जाहीर केलं की २०२६ मध्ये ते 'रश' याच नावाने पुन्हा दौऱ्यावर निघणार आहेत. ड्रमवर जर्मनीची अनिका निलेस असेल. बातमी वाचल्यापासून आनंद आणि धास्ती दोन्ही एकदम मनात आहेत. इथे रश मन लावून ऐकणारे मोजके आहेत आणि नुसतं नाव ऐकलेले बरेच, म्हणून आधी कहाणी सांगतो. प्रश्न शेवटी विचारतो.

बँड सुरू झाला १९६८ मध्ये, टोरंटोच्या विलोडेल उपनगरात. गेडी आणि अ‍ॅलेक्स शाळासोबती. दोघेही युरोपातून कॅनडात आलेल्या निर्वासित घरांतले. अ‍ॅलेक्सचे आईवडील सर्बियन. त्याचं खरं आडनाव झिवोयिनोविच, आणि 'लाइफसन' हे त्याचंच जवळपास शब्दशः इंग्रजी रूप. गेडीचे आईवडील पोलंडचे ज्यू. आउशविट्झमधून वाचलेले, युद्ध संपल्यावर पुन्हा भेटून लग्न केलेले. मुलाचं नाव गॅरी, पण आईच्या पोलिश उच्चारात ते 'गेडी' व्हायचं आणि मित्रांनी तेच उचललं. वडील गेले तेव्हा तो फक्त बारा वर्षांचा होता.

पहिला ड्रमर जॉन रट्सी. १९७४ मध्ये पहिली तबकडी निघाली ती मून रेकर्ड्स या स्वतःच्याच लेबलवर, कारण कुठली कंपनी हात लावायला तयार नव्हती. ती तबकडी क्लीव्हलंडच्या एका रेडिओ केंद्रावर पोचली. तिथल्या डॉना हॅल्पर या निवेदिकेने त्यातलं कामगाराच्या रोजच्या जगण्यावरचं लांबलचक गाणं लावलं. क्लीव्हलंड हे कारखान्यांचं शहर. 'हा लेड झेपेलिनचा नवा रेकॉर्ड आहे का?' असे फोन यायला लागले. तिथून मर्क्युरी कंपनीशी करार झाला आणि अमेरिकेचा दौरा ठरला. नेमका त्याच वेळी रट्सी बाहेर पडला. त्याला मधुमेह होता, दौऱ्याची दगदग झेपणारी नव्हती.

दौरा तोंडावर आणि ड्रमर नाही. चाचणीला सेंट कॅथरीन्सहून एक उंच, किडकिडीत मुलगा आला, छोट्याशा फोर्ड पिंटो गाडीत आणि ड्रम कचऱ्याच्या पिशव्यांत भरून. वडिलांच्या शेतीअवजारांच्या धंद्यात सुटे भाग विकायचा. त्याआधी नशीब काढायला लंडनला जाऊन हात हलवत परतलेला. तो नील पिअर्ट. वाजवायला लागल्यावर गेडी तिथल्या तिथे हरखला, अ‍ॅलेक्सला पटायला थोडा वेळ लागला. २९ जुलै १९७४ ला नील बँडमध्ये आला. त्या दिवशी गेडीचा एकविसावा वाढदिवस होता. सोळाव्या दिवशी, १४ ऑगस्टला, पिट्सबर्गच्या सिव्हिक अरीनात अकरा हजारांहून जास्त लोकांसमोर तिघे पहिल्यांदा एकत्र वाजले.

नील वाचणारा माणूस होता. बाकी दोघांना शब्द लिहायचा कंटाळा, म्हणून ते काम त्याच्याकडे आलं आणि बँडचा स्वभावच पालटला. १९७५ मध्ये दोन अल्बम निघाले. दुसरा सपशेल आपटला. सभागृहं रिकामी राहायला लागली, तेव्हा त्या दौऱ्याला यांनी स्वतःच 'गटारात चाललेला दौरा' अशा अर्थाचं नाव दिलं होतं. कंपनीचा निरोप स्पष्ट होता : छोटी, रेडिओवर चालतील अशी गाणी करा. यांनी काय केलं? १९७६ चा '२११२'. तबकडीची अख्खी एक बाजू म्हणजे वीस मिनिटांची एकच रचना, जिथे संगीतावर पुरोहितांची बंदी आहे अशा भविष्यातल्या जगाची गोष्ट. बुडायचंच असेल तर आपल्या मनासारखं करून बुडू, हा हिशेब. तो अल्बम चालला, आणि त्यानंतर कंपनीने यांच्या संगीतात पुन्हा लुडबुड केली नाही. माझ्या मते रशच्या पुढच्या चाळीस वर्षांची मोकळीक त्या एका अल्बमने विकत घेतली.

मग वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत जाऊन केलेले दोन अल्बम, आणखी लांब, आणखी गुंतागुंतीचे. १९७८ च्या 'हेमिस्फिअर्स'ने तिघांनाही पार थकवलं. ही वाट इथे संपते हे त्यांना स्वतःलाच कळलं आणि त्यांनी गाणी आखडती घेतली. १९८० मध्ये 'परमनंट वेव्हज' आणि फेब्रुवारी १९८१ मध्ये क्वेबेकच्या ल स्टुडिओत घडलेला 'मूव्हिंग पिक्चर्स'. बाहेर बर्फाळ तळं, आत हे तिघे. एकट्या अमेरिकेत त्याच्या चाळीस लाखांहून जास्त प्रती गेल्या. रशचं नाव घेतल्यावर लोकांना जे आठवतं ते बहुतेक याच अल्बमातलं असतं.

त्यानंतर सिंथेसायझरचं दशक, मग गिटार परत. १९९६ मध्ये तिघांना ऑर्डर ऑफ कॅनडा मिळाला. रॉक बँडला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ.

आणि मग १० ऑगस्ट १९९७. नीलची एकोणीस वर्षांची एकुलती मुलगी सेलीना मोटार अपघातात गेली. दहा महिन्यांत पत्नी जॅकीही कर्करोगाने गेली. मुलीच्या अंत्यविधीच्या वेळीच त्याने दोघांना सांगितलं होतं : मी निवृत्त झालो असं समजा. मग मोटरसायकल काढली आणि एकटा निघाला. कॅनडा, अलास्का, मेक्सिको, बेलीझ. सगळे मिळून सुमारे ८८,००० किलोमीटर. त्या काळात गेडी आणि अ‍ॅलेक्स यांनी दुसरा ड्रमर शोधला नाही, बँड मोडल्याचंही जाहीर केलं नाही. वाट पाहिली. हे मला या सगळ्या कहाणीतलं सर्वांत मोठं वाटतं.

तो परत आला. २००२ मध्ये 'व्हेपर ट्रेल्स' आला. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला रिओच्या माराकाना मैदानात चाळीस हजार लोकांनी एका शब्द नसलेल्या रचनेची धून तोंडाने गायली. त्याचं चित्रण आहे, जरूर बघा. २०१२ मध्ये एकोणिसावा आणि शेवटचा स्टुडिओ अल्बम, २०१३ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश, १ ऑगस्ट २०१५ ला लॉस एंजेलिसच्या फोरममध्ये शेवटचा कार्यक्रम. ७ जानेवारी २०२० ला मेंदूच्या कर्करोगाने नील गेला. साडेतीन वर्षं आजार होता, आणि जवळच्या माणसांनी त्याच्या इच्छेप्रमाणे बाहेर एक अक्षर जाऊ दिलं नाही.

आता प्रश्न. नीलशिवाय 'रश' हे नाव लावावं का? माझं उत्तर 'हो' असं आहे, पण आधी तुमचं ऐकतो.

काळी चार

फार मनापासून लिहिलंय. आडनावाचा उच्चार 'पिअर्ट' असा बरोबर लिहिलात त्याबद्दल वेगळे आभार, बहुतेक ठिकाणी 'पर्ट' वाचावं लागतं.

पण ऐंशीचं दशक तुम्ही एका ओळीत गुंडाळलंत. 'सिग्नल्स' ते 'होल्ड युअर फायर' हे सहा वर्षांत चार अल्बम आहेत आणि माझ्यासाठी खरा रश तोच. गेडी बास वाजवतोय, गातोय, मध्येच कीबोर्डवर हात टाकतोय आणि पायाने बासपेडल दाबतोय. हे सगळं एकाच वेळी, मंचावर, तिघांनी चौथा माणूस घ्यायचा नाही या हट्टापायी. त्यावर लिहा ना काही.

डग्गा

मी ड्रम वाजवतो आणि शिकवतोही. खर्ज यांनी रिओच्या ज्या शब्द नसलेल्या रचनेचा उल्लेख केलाय तिच्याबद्दल थोडं, कारण आपल्या लोकांना ती चटकन कळेल.

रचनेचं नाव 'वायवायझेड'. हा टोरंटो विमानतळाचा कोड. विमानतळाचा रेडिओ दिशादर्शक हीच अक्षरं मोर्समध्ये सारखी पाठवत असतो. विमानाने घरी परतताना यांनी ती ऐकली आणि त्या लयीवरच रचना उभी केली. आता मोर्समधला दीर्घ ठोका म्हणजे गुरू आणि ह्रस्व म्हणजे लघू धरा. वाय : दीर्घ, ह्रस्व, दीर्घ, दीर्घ. म्हणजे गालगागा! पुन्हा वाय : गालगागा. झेड : दीर्घ, दीर्घ, ह्रस्व, ह्रस्व, म्हणजे गागालल. गुरूच्या दोन आणि लघूची एक मात्रा धरली की ७ + ७ + ६ = २०. चारने भागलं की पाच ठोक्यांचं आवर्तन. सुरुवातीची घंटेची झांज ऐकताना तोंडाने 'गालगागा गालगागा गागालल' म्हणत राहा, एकदाही चुकणार नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे असंच शिकवतो. गझलेत कान तयार झालेल्या मुलांना पाचाचं आवर्तन कधी अवघड गेलं नाही.

नीलबद्दल आणखी एक. १९९४ च्या सुमारास, जगातल्या बहुतेक ड्रमरनी त्याला गुरुस्थानी मानलेलं असताना, तो फ्रेडी ग्रुबर या वयस्कर शिक्षकाकडे गेला आणि वाजवणं मुळापासून पुन्हा शिकला. काठी धरायची पद्धत बदलली, बसायची पद्धत बदलली, हाताची हालचाल बदलली. वय चाळिशीच्या पुढे. पुढे पीटर अर्स्किनकडेही शिकला. बोटांत मुरलेली सवय मोडणं काय असतं हे वाजवणाऱ्यालाच कळेल. मी स्वतः डाव्या हाताची पकड बदलायला गेलो तेव्हा पहिले चार महिने साधा ठेका धड येत नव्हता.

खर्ज

डग्गा, गालगागा! मी तीस वर्षं ही रचना ऐकतोय आणि हे कधी सुचलं नाही. आता दुसरं काही ऐकूच येणार नाही.

काळी चार, तक्रार रास्त आहे. त्या काळाशी माझं पटत नाही हे खरं, आणि त्याचं कारण अ‍ॅलेक्स आहे. 'सिग्नल्स'मध्ये गिटार मागे ढकलली गेली हे त्यानेच नंतर अनेकदा सांगितलंय. त्याच अल्बमनंतर टेरी ब्राउन या निर्मात्याशीही वाटा वेगळ्या झाल्या, ज्याने १९७५ पासूनचे सगळे अल्बम घडवले होते. भांडण नव्हतं, यांना फक्त दुसऱ्या कानांनी स्वतःला ऐकायचं होतं. तरी तो काळ फुकट गेला असं मी म्हणणार नाही, आणि त्याचं एकच कारण सांगतो.

१९८४ च्या 'ग्रेस अंडर प्रेशर'मध्ये 'रेड सेक्टर ए' आहे. छावणीतल्या कैद्याच्या तोंडचं गाणं. ते सुचलं गेडीच्या आईच्या आठवणीतून. १९४५ च्या एप्रिलमध्ये बर्गन-बेल्झनची छावणी मुक्त झाली तेव्हा तिचा विश्वासच बसेना. बाहेर जग उरलं असतं तर त्याने आपल्याशी हे होऊ दिलं नसतं, म्हणजे बाहेर काहीच उरलेलं नसणार, अशी आतल्या माणसांची समजूत झाली होती. गेडीने हे नीलला सांगितलं, नीलने शब्द लिहिले, ते गेडीने गायले. गाण्यात कुठल्याही देशाचं किंवा छावणीचं नाव नाही. आणि त्या गाण्यात गेडी बास वाजवतच नाही, पूर्णपणे सिंथेसायझरवर आहे. तिथे तो थंडगार आवाजच हवा होता. म्हणून सिंथेसायझरला मी नावं ठेवतो, पण या गाण्यापाशी थांबतो.

याच्याशी जोडलेली एक जखम. १९७८ मध्ये एका ब्रिटिश संगीत साप्ताहिकाने यांच्यावर फॅसिस्ट असल्यासारखा लेख छापला होता, कारण '२११२'च्या वेष्टनावर आयन रँड या कडव्या व्यक्तिवादी, भांडवलशाहीच्या पुरस्कर्त्या लेखिकेचे आभार मानले होते. आउशविट्झमधून वाचलेल्या आईबापांच्या मुलावर हा शिक्का! नील पुढे त्या विचारांपासून बराच दूर गेला आणि तसं त्याने मोकळेपणी सांगितलंही. पण तो लेख गेडीला किती लागला असेल याचा विचार मी आजही करतो.

मंद्र

मी ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात आहे. 'व्हेपर ट्रेल्स'चं नाव आलंय तर एक सांगितलंच पाहिजे : तो अल्बम पहिल्या रूपात ऐकू नका. आवाजाची पातळी इतकी वर ढकलली होती की सगळं चिरफळतं, झांजा आणि गिटार एकमेकांत मिसळून भिंत होते. बँडलाही ते खुपत होतं. २०१३ मध्ये डेव्हिड बॉट्रिलने तो पुन्हा मिक्स केला, तो घ्या. पाच वर्षं ड्रमला जवळपास न शिवलेला माणूस परत आलाय आणि पहिल्याच गाण्याची सुरुवात एकटे ड्रम करतात. त्या काही सेकंदांत त्याने किती साठवून ठेवलं होतं ते ऐकू येतं. नव्या मिक्समध्ये तिथली हवासुद्धा ऐकू येते.

पैलतीर

मी टोरंटोत राहतो. सामानाच्या चिठ्ठीवर 'वायवायझेड' ही तीन अक्षरं दिसली की आजही गाणं डोक्यात सुरू होतं. आता गालगागा सुरू होईल!

जून २०१५ मध्ये इथे झालेला त्यांचा कार्यक्रम मी पाहिला आहे. त्या दौऱ्याची रचना सांगण्यासारखी होती. गाणी उलट्या क्रमाने : सुरुवात २०१२ पासून आणि तिथून मागे मागे. प्रत्येक काळाला साजेसं नेपथ्य, आणि गाणी चालू असतानाच लाल डगल्यातले कामगार येऊन एकेक वस्तू उचलून नेत होते. मध्यंतरानंतर नीलचा ड्रमसंचच बदललेला. सत्तरच्या दशकातल्यासारखा, दोन मोठ्या बास ड्रमचा चकचकीत संच. वय ६२, खांदा दुखतोय, दौऱ्यात पायाला संसर्ग झालेला, हे सगळं नंतर वाचलं. त्या रात्री काही जाणवलं नाही. शेवटी मंच रिकामा होत होत शाळेच्या व्यायामशाळेवर आला. खुर्च्यांवर ठेवलेले दोन अ‍ॅम्प्लिफायर, बस्स. आणि क्लीव्हलंडच्या रेडिओवर वाजलेलं ते कामगाराचं गाणं.

माझ्या शेजारी साठीच्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, १९७२ मध्ये आमच्या शाळेत हे लोक वाजवून गेले, तेव्हा असंच दिसत होतं. मी काहीच बोलू शकलो नाही.

उत्तररात्र

सगळं वाचून जास्तच ठामपणे वाटतं की नाव लावू नये. ड्रमर जॉन बॉनम गेल्यावर लेड झेपेलिनने १९८० मध्ये दुकान बंद केलं, आणि म्हणून त्या नावाचं वजन टिकलं. गेडी आणि अ‍ॅलेक्सनी आपापल्या नावाने वाजवावं, मी पहिल्या रांगेत बसेन. पण खर्ज, तुम्हीच लिहिलंत की दोघांनी नीलसाठी वाट पाहिली आणि दुसरा ड्रमर शोधला नाही. मग आता शोधला त्याचं काय?

खर्ज

उत्तररात्र, हाच प्रश्न मीही स्वतःला विचारला. तेव्हा नील जिवंत होता. त्याच्या जागी कोणी बसवणं म्हणजे त्याला तू परत येऊ नकोस असं सांगणं झालं असतं. २०१५ मध्येही तसंच. गेडी-अ‍ॅलेक्सला पुढे वाजवायचं होतं, ३५ कार्यक्रमांवर थांबणं दोघांना जड गेलं होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. तरी नील थांबला तेव्हा बँड थांबला.

आता जाहीर केलं ते नीलच्या दुसऱ्या पत्नीच्या आणि त्या दोघांच्या मुलीच्या पाठिंब्याने. २०२२ मध्ये फू फायटर्स बँडचा ड्रमर टेलर हॉकिन्स याच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमांत दोघे वेगवेगळे ड्रमर घेऊन वाजले, तेव्हा मंचामागे पॉल मॅकार्टनीने त्यांना पुन्हा दौऱ्यावर निघा म्हणून गळ घातली होती. तरी मध्ये तीन वर्षं गेली. घाई कुठेच दिसत नाही.

आणि नावाचं म्हणाल तर, 'रश' हे नाव सुचवलं जॉन रट्सीच्या थोरल्या भावाने. अगदी पहिल्या कार्यक्रमात गायला आणि बासवर जेफ जोन्स होता. गेडी त्याच्या जागी आला. १९६८ च्या त्या पहिल्या रात्रीचा आज बँडमध्ये उरलेला माणूस एकटा अ‍ॅलेक्स आहे. कोणाच्या तरी जागी येऊन बसणं या बँडच्या मुळातच आहे, आणि नीलही तसाच आला होता.

डग्गा

अनिकाबद्दल. २०२२ मध्ये गिटारवादक जेफ बेकच्या दौऱ्यात ती वाजवत होती. गेडीच्या बासची देखभाल करणारा माणूस त्या दौऱ्यावर होता, त्याच्याकडून तिचं नाव या दोघांपर्यंत पोचलं. मी तिचं वाजवणं गेली बरीच वर्षं ऐकतो. ती नीलसारखी नाही. नील रचना बांधायचा, प्रत्येक भरणा (ठेक्याच्या मधल्या जागेत वाजवायचा तुकडा, फिल) ठरलेला आणि वर्षानुवर्षं तसाच. श्रोते हवेत हात फिरवून तो त्याच्यासोबत वाजवतात. अनिकाचा जोर लयीच्या आतल्या झुलत्या जागेवर आहे. आता तिला चाळीस वर्षं लोकांच्या हातांना पाठ असलेलं वाजवायचंय आणि त्यात स्वतःही उरायचंय. मला तिची काळजी वाटते आणि अतिशय उत्सुकताही आहे. जे भरणे लोकांना पाठ आहेत ते तिने तंतोतंत वाजवावेत आणि मधल्या जागा स्वतःच्या ठेवाव्यात, एवढीच इच्छा.

नवी पालवी

मी रश कधीच ऐकला नव्हता. धागा वाचून रिओचं चित्रण पाहिलं. भर मैदानात इतके लोक उड्या मारत शब्द नसलेलं गाणं गातायत! पुढे काय ऐकू? गेडीचा आवाज मला जरा टोकदार वाटला, त्याची सवय होते का?

काळी चार

होते. आधी 'मूव्हिंग पिक्चर्स' सलग ऐका, चाळीस मिनिटांचा आहे. मग 'पॉवर विंडोज', तिथे आवाज खाली आलेला आहे. '२११२' त्यानंतर, आणि तो ऐकताना दुसरं काही काम करू नका.

पैलतीर

नवी पालवी, सगळं ऐकून झालं की शेवटच्या रात्रीचं, फोरममधलं चित्रण शोधा. नीलचा एक नियम होता : तो ड्रमसंचाच्या पुढे मंचावर कधी यायचा नाही. कार्यक्रम संपला की उठायचा आणि मागच्या मागे निघून जायचा, बाकी दोघे पुढे येऊन हात हलवायचे. एक्केचाळीस वर्षं असंच. त्या रात्री तो संचामागून बाहेर आला, चालत पुढे आला आणि दोघांच्या खांद्यांवर हात टाकले. गेडी आणि अ‍ॅलेक्स यांना त्याची काहीच कल्पना नव्हती. अ‍ॅलेक्सचा चेहरा बघा त्या वेळचा.

उत्तररात्र

आत्ता पाहिलं. माझं मत बदललेलं नाही, पण तिकीट काढणार आहे.